बिल्ल्यामागचं बकरम

लेन्ने नदीच्या खोऱ्यात श्टाइनवीड नावाचं गाव आहे. तिथं आल्विना हेसेलमानची सुई एके काळी घराघरांतून फिरायची. तिला दुकान नव्हतं की पाटी नव्हती. वसंतात एकदा आणि शेतातले बटाटे काढून झाले की एकदा, ती ज्याच्या त्याच्या घरी जाऊन आठवडाभर बसायची. खिडकीजवळची जागा, दुपारचं जेवण आणि दिवसाची मजुरी, एवढ्यावर त्या घरातलं सगळं फाटकंतुटकं सरळ करून द्यायची. कुणाच्या चादरी विरल्या, कुणाची सून दोन जिवांची आहे, कोणत्या नवऱ्याचं अंथरूण माजघरात गेलंय, हे तिला पाद्रीबुवांच्या आधी कळायचं. पण तिच्या तोंडून त्यातलं अवाक्षर कधी बाहेर पडलं नाही.

"बोलेल कशी?" तिची शेजारीण येटे म्हणायची. "तोंडात कायम टाचण्या. बोलली तर गिळेल."

ही येटे म्हणजे गुत्तेवाल्याची विधवा. नवरा गेला, गुत्ता गेला, पण गुत्त्यात चालणारी जीभ तेवढी तिच्याकडे राहिली.

आल्विनाचा खरा हात कोट पालटण्यात. बाहेरून विटलेला, कोपरांवर चकाकायला लागलेला कोट ती सगळा उसवायची, कापडाची आतली बाजू बाहेर घ्यायची आणि परत शिवायची. कोट असा दिसायचा की आताच दुकानातून आणलाय. एक गोष्ट मात्र लपायची नाही. छातीवरचा खिसा डावीकडचा उजवीकडे जायचा. त्याला इलाज नाही. खोऱ्यातला एक मास्तर असाच पालटलेला कोट घालून मुलगी बघायला गेला होता. खिसा दिसू नये म्हणून त्यानं हॅट काढली ती छातीशी उजवीकडे धरली, आणि बसला तरी खाली ठेवीना. समोर मुलीचा बाप, तोही हॅट छातीशी धरून बसलेला. मुलीची आई म्हणाली, "हॅट द्या की, खुंटीला लावते." दोघेही म्हणाले, "राहू दे, राहू दे." लग्न झालं त्यांचं. दोन्ही कोट आल्विनाच्याच हातचे होते.

आता तिचं स्वतःचं. नवरा हूगो तार ओढण्याच्या कारखान्यात कामाला होता. पहिल्या महायुद्धात गेला तो फ्रान्सच्या चिखलातच राहिला. मुलगा एवाल्ड तेव्हा पाळण्यात होता. तिनं काळे कपडे शिवले, ते स्वतःसाठी शिवलेले पहिले चांगले कपडे. मग सुईवर पोराला वाढवलं. दुसरं लग्न केलं नाही. विचारणारे होते, पण तिनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं: "मला एक माणूस पुरा." तो माणूस म्हणजे एवाल्ड. एक युद्धाला दिला, आता हा द्यायचा नाही, एवढं एकच तिचं देवापाशी मागणं होतं. देवळात बाकीच्या बायका मागण्या बदलत राहायच्या. हिची बदलली नाही.

एवाल्ड मोठा झाला आणि हुल्सबर्गच्या कारखान्यात लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, लागला. पुढं सेटर झाला. सेटर म्हणजे काय, की यंत्रं दहाजण चालवतील, पण टूल, म्हणजे कापणारं पातं, कुठं बसवायचं, किती आत, किती तिरकं, हे एकटा तो जाणतो. आमच्या खोऱ्यातली एक जुनी रीत आहे. तार ओढणारे असोत की लेथवाले, सेटिंग करायची वेळ आली की माणूस बाकीच्यांकडे पाठ करतो. खांदा थोडा वाकवतो, दिव्याची बाजू झाकतो, आणि जे करायचं ते छातीच्या आडोशाला करतो. कुणी रागावत नाही. बाप ते स्वतःच्या मुलाला दाखवतो, बाकी कुणाला नाही. हूगोही पाठ करायचा. आल्विनाचा बापही करायचा.

कारखान्याचा मालक टेओडोर हुल्सबर्ग. आज्यापासून छत्र्यांच्या काड्या आणि पडद्यांच्या कड्या करणारं घराणं. दुसरं युद्ध सुरू झालं तशा काड्या बंद झाल्या आणि तोफगोळ्यांच्या टोकाला बसणारी पितळी टोपणं सुरू झाली. कारखाना फुगला. नदीकाठी नव्या शेड उभ्या राहिल्या. आणि एका वर्षी बर्लिनहून मालकांना पदवी आली. लष्करी उद्योगाचा नेता, अशा अर्थाचा तो एकच लांबलचक शब्द होता आणि बरोबर कोटावर लावायचा बिल्ला. पंख पसरलेला गरुड आणि त्या पदवीची अक्षरं.

"एवढं मोठं नाव त्या एवढ्याशा बिल्ल्यावर मावलं कसं?" येटे म्हणाली. "गरुडाला पाय पोटाशी घ्यायला लावले असतील."

"हळू बोल," आल्विना म्हणाली.

"हळूच बोलतेय. आणि छत्रीवाल्याला लढाईचा नेता केलंय, म्हणजे पाऊस येणार बघ आता."

बिल्ला आला आणि चौथ्या-पाचव्या दिवशी मालकांकडून बोलावणं आलं. अडचण मोठी नाजूक होती. बिल्ला जड. नव्या करड्या कोटाच्या कॉलरला लावला की कापड खाली ओढलं जायचं आणि गरुड नाकावर आपटल्यासारखा पुढं झुकायचा. मालक आरशासमोर उभे होते. मालकीणबाई बाजूला.

"आल्विनाबाई, हा असा लोंबतो," मालक म्हणाले. "परवा मोठ्या साहेबांच्या समोर जायचंय."

"याला मागून आधार पाहिजे, मालक."

तिनं कॉलर थोडी उसवली, आत घोड्याच्या केसांच्या बकरमचा, त्या कडक अस्तराचा, तुकडा घातला, बारीक टाक्यांनी धरला, आणि पिनेसाठी मागं दोऱ्याचं कडं केलं. बिल्ला लावून पाहिला. गरुड ताठ बसला. मालकांनी मान डावीउजवीकडे करून पाहिलं. चेहरा खुलला. आणि तोंडात टाचण्या नव्हत्या म्हणून असेल, आयुष्यात कुणापाशी काही न मागणारी आल्विना त्या क्षणाला बोलून गेली.

"मालक, माझा एवाल्ड."

"काय त्याचं?"

"त्याला नेणार नाहीत ना?"

मालक हसले. वाईट माणूस नव्हता तो; खुशीत असला तर मुळीच नाही. त्यांनी बिल्ल्यावर बोट ठेवलं. "हा कशासाठी दिलाय माहीत आहे? कारखान्याला कोण लागतो आणि कोण नाही, हे मी सांगायचं. जोवर हा इथं आहे, तोवर तुमचा एवाल्ड माझ्या यंत्रावर. हा माझा शब्द."

त्या दिवशी ती घरी आली ती वेगळीच बाई होऊन. त्यानंतर दर रविवारी देवळात तिची नजर आधी वेदीकडे न जाता पुढच्या बाकावर जायची. करडा कोट, डावी कॉलर. गरुड सरळ बसलाय ना? टाके धरून आहेत ना? गावात त्या बिल्ल्याचा कुणाला हेवा, कुणाला भीती, कुणाला मनातून हसू. मनापासून त्याचं भलं चिंतणारी एकटी आल्विना. महिन्या-दोन महिन्यांनी ती आपण होऊन मालकांकडे जायची, "जरा कोट बघते," म्हणायची आणि फुकट टाका घालून यायची.

एवाल्डला हे आवडायचं नाही. त्याच्याबरोबरची पोरं एकेक करून गेली होती. कुणाच्या आईकडे फोटोला काळी फीत लागली होती. रस्त्यानं जाताना बायका त्याच्याकडे बघायच्या.

"तुझ्या गरुडाच्या पंखाखाली मी अंड्यासारखा बसलोय," तो एकदा चिडून म्हणाला.

"बस," आल्विना म्हणाली. "अंडं फुटलेलं मी एकदा पाहिलंय."

पुढं कारखान्यात माणसं कमी पडायला लागली आणि पूर्वेकडून, युक्रेनमधून, मुली आणल्या. आणल्या म्हणजे पकडून आणल्या. गाडीतून उतरताना काहींच्या पायात चपला नव्हत्या. नदीकाठच्या लाकडी बराकींत तारेच्या कुंपणाआड त्यांना ठेवलं. प्रत्येकीच्या छातीवर निळं-पांढरं कापडी चौकोनी ठिगळ, त्यावर 'पूर्व' असं लिहिलेलं. ते सुटलेलं दिसलं तर शिक्षा. गावानं पाहिलं आणि मग न पाहिल्यासारखं केलं. आल्विनानंही तेच केलं. बिल्ला कुणाच्या छातीवर आहे आणि ही बराक कुणाच्या आवारात आहे, हे दोन्ही तिला ठाऊक होतं, पण ते एकत्र जोडून पाहायचं तिनं टाळलं.

बटाट्याच्या हंगामानंतर ती मालकांकडे शिवायला बसली होती. धुण्याच्या कामाला बराकीतून एक मुलगी पाठवली होती. परास्का तिचं नाव. विशी नुकती ओलांडलेली, केस रुमालात बांधलेले. बादली घेऊन जाताना ती दारात थबकली. एक हात छातीवर धरलेला. ठिगळाचा एक कोपरा उसवून लोंबत होता आणि फोरमन पाहील या भीतीनं ती तो दाबून चालत होती.

आल्विनानं बोटानं खूण केली. "ये. उभी राहा अशी."

सुईत दोरा होताच. ती ठिगळ चारी बाजूंनी शिवायला लागली. शिवताना मुलीचे हात डोळ्यांसमोर आले. बोटांच्या मागच्या बाजूला काळेनिळे आडवे वळ होते. पट्टीचे असावेत.

"कुणी मारलं?"

"फोरमन." मुलीची भाषा तुटकी होती. "यंत्रावरचा जॉब, टोपणाचा, बिघडतो. तीन वेळा बिघडला. आता बिघडला तर छावणीत पाठवणार म्हणाला. तिथून परत येत नाही कुणी."

"लक्ष देऊन करावं मग."

"लक्ष देते, मावशी. टूल सरकतं. सेटिंग मला येत नाही. सेटर लांब असला की मी थांबू शकत नाही, फोरमन ओरडतो. चालवते, आणि बिघडतो."

"सेटर कोण तुझा?"

"एवाल्ड," परास्का म्हणाली. ही त्याचीच आई, हे तिला माहीत नव्हतं. "चांगला आहे. मारत नाही. एकदा सफरचंद दिलं. पण सेटिंग करताना पाठ करतो."

आल्विनानं टाका ओढला आणि दोरा दातानं तोडला.

संध्याकाळी एवाल्ड जेवायला बसला. भाजलेल्या बटाट्याची वडी आणि भाजलेल्या जवाची कॉफी होती. आल्विनानं त्याला वाढलं आणि समोर बसली.

"परास्काला शिकव."

त्याचा हात थांबला. "तुला कसं ठाऊक तिचं नाव?"

"शिकव म्हणते ना. पाठ करू नकोस."

"आई, तुला कळतंय का तू काय बोलतेयस?" तो काटा खाली ठेवून म्हणाला. "मालकांचा शब्द वगैरे ठीक आहे. पण मी तिथं आहे तो ह्या पाठीमुळं आहे. माझ्याशिवाय ती रांग चालत नाही म्हणून मी आहे. उद्या ती पोरगी चालवायला लागली तर मी कशाला?"

"मालकांनी शब्द दिलाय. माझ्यासमोर दिलाय. बिल्ल्यावर बोट ठेवून."

"बिल्ल्यावर!"

"तो मी शिवलाय, एवाल्ड. तो हलत नाही." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "तिचे हात बघितलेस का तू?"

एवाल्डनं काटा परत उचलला. हात त्यानं पाहिले होते. रोज पाहत होता. पाठ करायची आणि मग त्या हातांकडे बघायचं, हे त्यालाही जड जात असावं, कारण आईनं सांगितल्यावर त्यानं फार ताणून धरलं नाही. "बरं," म्हणाला, आणि वडी न संपवताच उठला.

दुसऱ्या दिवसापासून तो परास्काच्या बाजूला उभा राहिला. खांदा न वाकवता, दिवा न झाकता. पोरीला डोळे होते आणि हातात कसब होतं. वसंत येईपर्यंत ती स्वतः टूल बसवायला लागली, मग शेजारणीचंही बसवून द्यायला लागली. जॉब बिघडायचा थांबला. फोरमनची पट्टी दुसरीकडे वळली. एवाल्ड घरी येऊन सांगायचा, "आई, आज तिनं माझ्याआधी ओळखलं, टूल कुठं खातंय ते." सांगताना त्याचा चेहरा फुललेला असायचा. बऱ्याच दिवसांनी तो घरात शीळ घालायला लागला. आल्विनाला वाटलं, आपण दोन पोरं राखली.

त्याच वर्षी पानगळीच्या दिवसांत लष्कराचे अधिकारी कारखान्यात आले. आघाड्या मागं सरत होत्या, त्यांना माणसं हवी होती, आणि यावेळी ते रिकाम्या हातानं परत जाणार नव्हते. प्रत्येक शेडमधून माणूस द्यायचा होता. ज्याच्यावाचून यंत्र थांबेल, तो वगळायचा.

एवाल्डची रांग थांबणार नव्हती.

बातमी कळली तशी आल्विना हातातली सुई तशीच झग्याला टोचून टेकडी चढून मालकांच्या घरी गेली. मागच्या दारानं जायची रीत, ती पुढच्या दारानं गेली. मालक दिवाणखान्यात उभे होते. अंगात तोच करडा कोट.

"मालक, तुमचा शब्द."

"बसा आल्विनाबाई."

"मी बसायला आले नाही. तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता आणि पाळला. इतकी वर्षं पाळला की नाही?" त्यांचा आवाज चढला नाही. थकलेला होता. "आता त्यांनी विचारलं, हा गेला तर यंत्र बंद पडेल का? काय सांगू? ते समोर उभे राहून बघत होते. ती पोरगी चालवत होती. तुमच्या पोरानंच शिकवलंय तिला, मी नाही सांगितलं शिकवायला. दुसरा कुणी द्यावा तर त्याच्यावाचून खरंच अडतं."

"तुम्ही खोटं बोलायचं होतं."

"मी?" मालक म्हणाले, आणि हात नकळत कॉलरकडे गेला. "हा लावून?"

ती बिल्ल्याकडे बघत राहिली. जरासुद्धा झुकला नव्हता. तिच्या हातचं बकरम होतं आत.

स्टेशनवर येटेही आली होती. तिनं एवाल्डच्या पिशवीत कुठून तरी मिळवलेला सॉसेजचा तुकडा कोंबला आणि म्हणाली, "हा आघाडीवर खायचा नाही. गाडीत खा. आघाडीवर अधिकारी हिसकावतात." एवाल्ड हसला. आईनं शिवलेला लोकरी गंजीफ्रॉक त्यानं आतून घातला होता. आल्विना त्याच्या कोटाचं वरचं बटण लावत होती, काढत होती, परत लावत होती.

"आई, झालं ते. लागलं बटण."

"मी तुला सांगितलं नसतं तर," ती म्हणाली.

"सांगितलं नसतंस तरी मीच कधीतरी केलं असतं. पाठ करून करून पाठ दुखायला लागली होती माझी." मग गाडी हलताना खिडकीतून वाकून तो ओरडला, "फोरमनला सांग, तिसऱ्या यंत्राला तिच्याशिवाय कुणाचा हात लागू देऊ नको! माझ्यापेक्षा बरं सेटिंग करते ती!"

त्यानंतर पूर्वेच्या आघाडीवरून त्याची दोन कार्डं आली. थंडी आहे, मोजे पाठव. तिनं मोजे पाठवले. मग काही आलं नाही.

वसंतात अमेरिकन रणगाडे खोऱ्यात शिरले. त्याच्या आदल्या दिवशी मालकांच्या घरामागच्या तळ्यात काहीतरी चमकतं पडलं असं लोक म्हणत. पुढं पोरांनी तळं ढवळलं तर चमचे सापडले, बिल्ला सापडला नाही. बिल्ला नसला तरी पदवी सगळ्यांना ठाऊक होती. मालकांना धरून नेलं. बराकीचं कुंपण मोडलं. उन्हाळ्यात युक्रेनच्या मुली परत निघाल्या.

जायच्या दिवशी परास्का आल्विनाच्या दारात आली. छातीवरचं ठिगळ काढून टाकलेलं, पण त्या जागी कापडाचा रंग गडद राहिला होता. तिला आता कळलं होतं ही कुणाची आई ते.

"मावशी, मी मुद्दाम चुकायला हवं होतं," ती म्हणाली. "ते लोक आले त्या दिवशी. मला कळलं नाही ते कशाला आलेत. मी नेहमीपेक्षा चांगलं काम केलं. मला वाटलं, चांगलं केलं तर एवाल्डचं नाव होईल."

आल्विना दाराची चौकट धरून उभी होती. 'तुझा काय दोष' असं म्हणायला हवं होतं. शब्द तयार होते, तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी निघाले नाहीत. तिनं आत जाऊन पावाचा अर्धा भाग आणि सुई-दोऱ्याचं एक रीळ आणलं, मुलीच्या हातात दिलं आणि दार लावून घेतलं. दाराआड बराच वेळ पावलं हलली नाहीत. मग गेली. त्या दाराची आठवण आल्विनाला पुढं फार वर्षं उठता-बसता यायची. आपण लावलं कसं ते?

दोनेक वर्षांनी मालक कैदेतून सुटून आले. अंगाची हाडं दिसत होती. गावोगाव तेव्हा समित्या बसल्या होत्या. कोण किती नाझी होता ते ठरवायच्या. समितीनं निष्पाप किंवा नुसता मागून चालणारा, म्हणजे लोंढ्याबरोबर गेलेला, फार दोष नसलेला, म्हटलं तरच कारखाना परत मिळणार. मालक एक दिवस स्वतः आल्विनाकडे आले, काखेत कोट घेऊन. नवीन कापड तेव्हा सोन्याच्या भावानंही मिळत नव्हतं.

"पालटून द्याल का?" ते म्हणाले. "डाव्या कॉलरवर डाग राहिलाय."

डाग नव्हता तो. बिल्ल्याखालचं कापड ऊन न लागल्यानं गडद राहिलं होतं, आणि लव दाबली गेली होती.

"आणि आल्विनाबाई, समितीपुढं एक शब्द बोलाल? एवाल्डला मी किती वर्षं राखला ते. तुमचं लोक ऐकतील."

येटेनं हे ऐकलं तेव्हा ती उभ्या उभ्या पेटली. "कात्री घाल त्या कोटाला! मधोमध! आणि सांग, चुकून लागली."

आल्विनानं कात्री घातली नाही. तिनं कोट उसवला. कॉलर उघडली तेव्हा आतून तिचंच बकरम निघालं, तिचेच बारीक टाके, काही मूळचे, काही फुकट घातलेले. ते काढताना तिला फार वेळ लागला. कोट पालटून झाला. खिसा उजवीकडे आला.

समिती शाळेच्या वर्गात बसली होती. हुल्सबर्ग उभे राहिले तेव्हा त्यांचा उजवीकडचा खिसा सगळ्यांनी पाहिला. समितीवरच्या तिघांपैकी दोघांचे खिसेही उजवीकडेच होते. आल्विनाला पुढं बोलावलं.

"हुल्सबर्ग यांनी तुमच्या मुलाला लढाईपासून वाचवलं, हे खरं?"

"खरं. आणि मग दिला, तेही खरं."

"त्यांच्यावर दबाव होता असं म्हणता येईल का?"

"त्यांच्या कोटावर बिल्ला होता," ती म्हणाली. "बाकी मला कळत नाही. साहेब, पोरीला शिकवायला मी सांगितलं होतं. ते चूक होतं का?"

समितीचा अध्यक्ष, चांगला माणूस, गोंधळला. त्यानं शेजारच्याकडे पाहिलं. "बाई, तो आजचा विषय नाही."

"मग कधी आहे?"

तिला पाणी दिलं आणि बसवलं. दुपारी हुल्सबर्ग मागून चालणारे ठरले. बाहेर पडताना त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि आभार मानले. ती हात सोडवून चालायला लागली.

पुढं कारखान्यात परत छत्र्यांच्या काड्या निघायला लागल्या. कैदी रशियातून परतत होते; प्रत्येक गाडीला आल्विना स्टेशनवर जायची, उतरणाऱ्यांना एवाल्डचं नाव सांगायची. कुणीच त्याला पाहिलेलं नव्हतं. बेपत्ता, एवढंच. एवाल्डचे कपडे तिनं कुणाला दिले नाहीत आणि पालटलेही नाहीत. वर्षातून एकदा उन्हात घालायची.

ती सगळ्यांकडे शिवायला जायची, हुल्सबर्गांकडेही. येटेला ते कधी पटलं नाही. "त्यांच्या घरचं जेवण उतरतं कसं गं घशाखाली?" आल्विना म्हणायची, "मजुरीचं आहे."

असंच एकदा वसंतात ती त्यांच्या खिडकीशी बसली होती. मालकीणबाईंच्या नातीच्या झग्याची बाही कापत होती. मालकीणबाई आता म्हाताऱ्या झाल्या होत्या, मऊही झाल्या होत्या. कॉफी घेऊन शेजारी येऊन बसल्या, खऱ्या कॉफीचा वास सुटला होता. बोलता बोलता एवाल्डचा विषय निघाला. मायेनंच निघाला.

"किती गुणी पोरगा होता," त्या म्हणाल्या. "आमचे हे अजून म्हणतात, ती रशियन पोरगी नसती तर तुमचा एवाल्ड आज इथं असता. तिनंच खाल्लं त्याला."

आल्विनाची कात्री थांबली. तिनं अंगुस्तान बोटातून काढलं. सुया गोळा करून डबीत घातल्या, कात्री फडक्यात गुंडाळली.

"काय झालं, आल्विनाबाई? काही चुकलं का माझं?"

"तिला शिकव म्हणून मी सांगितलं," आल्विना म्हणाली. "तिनं नाही खाल्लं कुणाला. मी सांगितलं. आणि परत तशीच वेळ आली, तर मी..."

ती थांबली. मालकीणबाई कप हातात धरून वाट बघत राहिल्या. टेबलावर अर्धी कापलेली बाही पडली होती. आल्विनाचे ओठ दोनदा हलले. एकदा परास्काचे हात समोर आले, एकदा गाडीच्या खिडकीतून वाकलेला एवाल्ड. वाक्याचं पुढचं तोंड कोणत्या बाजूला वळवावं ते तिला कळेना.

"तर काय, आल्विनाबाई?" मालकीणबाईंनी हळूच विचारलं.

तिनं नुसती मान हलवली, शाल खांद्यावर घेतली आणि मागच्या दारानं निघून गेली. त्या घरात ती परत शिवायला गेली नाही.